चलनी नाणं



बोलायला लागण्याआधी पहिल्या रांगेत बसलेल्या आजींच्या हातात मी एक नाणं देतो. पाच रुपयांचं आहे. पिवळं, मळलेलं, कडेला झिजलेलं. आजी, तुम्ही ते नीट पाहा आणि शेजारी द्या. त्यांनी पुढे द्यावं. माझं बोलणं चालू असताना ते रांगेरांगेतून मागे जाऊ द्या. शेवटच्या रांगेत पोचलं की त्याचं काय करायचं, ते शेवटी सांगतो.

दुसरं नाणं मी इथे टेबलावर ठेवतो, डबीसकट. ते शंभर रुपयांचं आहे, चांदीचं आहे. बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून पारदर्शक डबीत बंद आहे. दोन्ही नाण्यांवर चेहरा एकच आहे, मदर तेरेसांचा. दोन्ही नाणी भारत सरकारने २०१० साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त काढली. पाच रुपयांच्या नाण्याचं प्रकाशन २८ ऑगस्ट २०१० रोजी राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झालं. म्हणजे आपल्या शेजारच्या अमरावतीच्या एके काळच्या खासदारांच्या हस्ते.

हे पिवळं नाणं मला इथे काटोलच्या बसस्थानकासमोर केळी घेताना सुट्ट्या पैशांत मिळालं. चांदीचं मात्र टांकसाळीकडे आगाऊ पैसे भरून, महिनोन्‌महिने वाट पाहून घेतलेलं. एक आपोआप हातात आलं, दुसरं मी हट्टाने मिळवलं. आज मला बोलायचं आहे ते या दोघांविषयी, आणि एका प्रश्नाविषयी. ज्या माणसांनी आयुष्यभर पैसा आपल्याजवळ थांबू दिला नाही, त्यांची आठवण पैशावर कोरताना आपण नेमकं काय करतो?

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा पुतळा तुम्ही उभारला नाहीत. पुतळ्याऐवजी दर वर्षी एक व्याख्यान ठेवलंत. स्मारक कसं असावं याचं एक उत्तर तुम्ही माझ्याआधीच दिलेलं आहे. मी फक्त त्या उत्तराला नाण्यांची साक्ष काढणार आहे.

आधी धातू पाहू. हे चांदीचं नाणं ३५ ग्रॅम वजनाचं आणि ४४ मिलिमीटर व्यासाचं आहे. पण ते निव्वळ चांदीचं नाही. शंभर भागांत ५० भाग चांदी, ४० भाग तांबं, ५ भाग निकेल आणि ५ भाग जस्त. म्हणजे यात चांदी साडेसतरा ग्रॅम. आपल्या सराफी भाषेत दीड तोळा. काटोलच्या कुठल्याही सराफाला विचाराल तर धातूची किंमत तो क्षणात सांगेल, आणि ती ऐकून संग्राहक मान हलवेल, कारण संग्राहक धातूची किंमत देत नाही, घडणीची देतो.

या मिश्रणाला इतिहास आहे. आपल्या पणजीच्या काळातला कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा होता, आणि त्यात शेकडा ९१ भागांहून जास्त चांदी होती. दुसऱ्या महायुद्धात चांदी अपुरी पडू लागली, तेव्हा १९४० साली सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली आणि उरलेल्या निम्म्यात तांबं, निकेल, जस्त घातलं. प्रमाण हेच: पन्नास, चाळीस, पाच, पाच. पुढे १९४७ साली रुपयातली चांदी पार गेली आणि निकेल आलं. युद्धाच्या ओढगस्तीत तयार झालेलं हे मिश्रण आज आपण सन्मानाच्या नाण्यांना वापरतो. तंगीत सापडलेली गोष्ट पुढे गौरवाची होते, हे माणसांच्या बाबतीतही घडतं. त्याकडे मी येणारच आहे.

आता या चांदीच्या नाण्याची कड पाहा. बारीक दाते आहेत, एकूण दोनशे. हे सजावटीसाठी सुरू झालेलं नाही. चांदीची नाणी बाजारात फिरत होती तेव्हा लबाड माणसं कडेची चांदी कातरून घेत आणि नाणं पुढे चालवत. दाते पाडले की कातरलेलं नाणं लगेच ओळखू येतं. म्हणजे हे दाते हातोहात फिरणाऱ्या नाण्याच्या राखणीसाठी आहेत. जे नाणं डबीतून कधी बाहेरच येणार नाही, त्याच्या कडेला आपण आजही ते पाडतो. जन्मभर गोठ्यात बांधून ठेवायच्या बैलाला नाल मारावेत, तसं ते मला वाटतं.

संग्राहकांसाठीचं नाणं घडतंही वेगळ्या तऱ्हेने. धातूची चकती निवडून घेतात, ठसा आरशासारखा घासतात, आणि बाजारी नाण्यावर एकदाच पडणारा दाब इथे एकाहून अधिक वेळा देतात. म्हणून पार्श्वभूमी पाण्यासारखी चकाकते आणि चेहरा दवासारखा धुरकट दिसतो. नाण्याचं वजन, व्यास, धातू, दाते, सगळं अर्थ मंत्रालय राजपत्रात जाहीर करतं. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नॉयडा या आपल्या चार टांकसाळी. त्यांतली मुंबईची १८२९ पासूनची. तिथल्या कारागिरांच्या हाताला मी मनापासून नमस्कार करतो. पुढे मी जे बोलणार आहे त्यात त्यांच्या कामाला कमी लेखणं नाही.

स्वतंत्र भारताने पहिलं स्मारक नाणं काढलं ते १९६४ साली, पंडित नेहरूंच्या निधनानंतर. १९६९ मध्ये गांधीजींच्या जन्मशताब्दीला वीस पैशांपासून चांदीच्या दहा रुपयांपर्यंत नाणी निघाली. १९७३ साली धान्य जास्त पिकवा असं सांगणारी नाणी आली. शेतकऱ्याच्या कामाला नाण्यावर जागा मिळाली, हे संत्र्याच्या या मुलखात मुद्दाम सांगायला हवं. १९९९ साली संत ज्ञानेश्वरांचं नाणं आलं, २००२ साली संत तुकारामांचं, २००९ साली केरळच्या संत अल्फोन्सांचं, आणि पुढच्याच वर्षी मदर तेरेसांचं.

या यादीपाशी थोडं थांबा. तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. ज्याने सावकारीचा कागद पाण्यात सोडला, त्याला आपण नाण्यावर बसवलं. गांधीजी गेले तेव्हा मागे राहिलेलं त्यांचं स्वतःचं सामान एका टेबलावर मावलं असतं. त्यांना चांदीवर बसवलं. यात काही विसंगती आहे का? पुष्कळ वर्षं मला वाटायचं की आहे. आता वाटत नाही, आणि त्याचं कारण मला याच तालुक्यात उमगलं.

संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा झाला की काटोलात काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. व्यापाऱ्याचा पैसा बागाईतदाराकडे येतो, त्याच्याकडून तोडणीच्या मजुराकडे, मजुराकडून किराणा दुकानात, दुकानातून कापडवाल्याकडे, कापडवाल्याच्या घरून मुलीच्या कॉलेजच्या फीमध्ये. तोच रुपया आठ घरं हिंडतो आणि प्रत्येक घरी एक काम करून पुढे जातो. ज्या वर्षी फळगळ होते, त्या वर्षी दुकानदारसुद्धा हातावर हात ठेवून बसतो, कारण रुपया हिंडायचा थांबलेला असतो. आपल्या भाषेने याला फार नेमका शब्द दिला आहे: चलन. जे चालतं ते चलन. लोकांत ज्याला मान आहे, त्या माणसाला आपण चलनी नाणं म्हणतो. नाण्याचा मोठेपणा त्याच्या चालण्यात आहे, हे भाषेला आधीपासून ठाऊक आहे.

मग दानाला नाण्यासारखं दुसरं स्मारक नाही. दान म्हणजे हातातून सुटलेलं नाणं. ज्यांनी आयुष्यभर नाणं हातातून सोडलं, त्यांचा चेहरा नाण्यावर असावा हे अगदी योग्य आहे. अट एकच. ते नाणं चालत राहिलं पाहिजे.

आता पाचच रुपये का, ते सांगतो. मदर तेरेसांचा जन्म २६ ऑगस्ट १९१० चा, स्कोपये या बाल्कनमधल्या शहरातला. १९२९ च्या जानेवारीत त्या भारतात आल्या आणि लोरेटो संघाच्या शिक्षिका म्हणून कोलकात्यात जवळजवळ वीस वर्षं शिकवत राहिल्या. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या गाडीत त्यांना वाटलं की आपली जागा शाळेच्या भिंतीआड नाही, रस्त्यावरच्या माणसांत आहे. १९४८ साली निळ्या काठाची पांढरी साडी नेसून त्या मठाबाहेर पडल्या. तेव्हा त्यांच्याजवळ पाच रुपये होते, असं सांगितलं जातं. त्याच आठवणीने सरकारने शताब्दीचं फिरतं नाणं पाच रुपयांचं काढलं, असं म्हणतात.

पुढचं बरंचसं तुम्हाला माहीत आहे. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघाला मान्यता मिळाली. १९५२ मध्ये कालीघाटाजवळ मरणाच्या दारातल्या माणसांसाठी निर्मल हृदय सुरू झालं. १९६२ ला पद्मश्री, १९७९ ला नोबेल, १९८० ला भारतरत्न. नोबेलच्या वेळी त्यांनी मेजवानी रद्द करायला लावली आणि तिचे पैसे गरिबांना द्यायला सांगितलं. एक गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते. त्या निळ्या काठाच्या साड्या कोलकात्याजवळच्या टिटागढमध्ये कुष्ठरोगातून उठलेली माणसं हातमागावर विणतात. ज्यांच्या हाताला लोक शिवत नव्हते, त्यांच्या हातचं कापड साऱ्या जगातल्या या भगिनी अंगावर नेसतात. माझ्या मते त्यांचं सगळ्यात बोलकं स्मारक हेच आहे, आणि ते रोज विणलं जातं.

जगात इतरत्र असं नाणं निघतं तेव्हा काय होतं, तेही पाहू. अमेरिकेतल्या ओमाहा शहरात एडवर्ड फ्लॅनागन नावाच्या कॅथलिक धर्मगुरूने डिसेंबर १९१७ मध्ये अनाथ आणि वाट चुकलेल्या मुलांसाठी एक घर भाड्याने घेतलं. भाड्यासाठी नव्वद डॉलर उसने आणले होते. त्या घरातून बॉइज टाउन ही संस्था वाढली. तिला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१७ साली, अमेरिकेच्या टांकसाळीने सोन्याचं पाच डॉलरचं, चांदीचं एक डॉलरचं आणि साध्या धातूचं अर्ध्या डॉलरचं अशी तीन नाणी काढली. चांदीच्या नाण्याच्या एका बाजूला ओकच्या झाडाखाली एकटी बसून वर पाहणारी मुलगी आहे. दुसऱ्या बाजूला त्याच झाडाच्या सावलीत हात धरून उभं असलेलं कुटुंब आहे, आणि त्या कुटुंबात तीच मुलगी आहे. संस्थेचं सगळं काम त्या डॉलरच्या दोन बाजूंत बसवलेलं आहे.

मला त्याहून महत्त्वाची वाटली ती त्या नाण्यांच्या किमतीची रचना. प्रत्येक चांदीच्या नाण्यामागे गिऱ्हाइकाकडून दहा डॉलर जादा घेतले जात, सोन्याच्या मागे पस्तीस, अर्ध्या डॉलरच्या मागे पाच. ही जादा रक्कम संस्थेच्या कामासाठी होती. कायद्याने दोन अटी घातल्या होत्या. टांकसाळीचा सगळा खर्च आधी वसूल झाला पाहिजे, आणि संस्थेने तितकीच रक्कम स्वतः लोकांकडून उभी केलेली असली पाहिजे. म्हणजे सरकारने फुकट काही दिलं नाही, संस्थेलाही बसून काही मिळालं नाही. नाणं घेणाऱ्या माणसाच्या हौसेतला एक वाटा थेट एखाद्या मुलाच्या ताटापर्यंत जावा, अशी ती वाट बांधलेली होती.

आपल्या स्मारक नाण्यांना अशी वाट का असू नये? संग्राहक दर्शनी किमतीच्या कितीतरी पट रक्कम आनंदाने मोजतो. मीही मोजली. त्यातला दहावा हिस्सा त्या माणसाच्या किंवा संस्थेच्या कामाला जाईल, असं नाण्यासोबत छापलेलं असतं तर मी दोन घेतली असती. आपल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न अर्थ मंत्रालयाकडे न्यावा, अशी विनंती मी या व्यासपीठावरून करतो.

इंग्लंडमधली एक जुनी रीत याहूनही सरळ आहे. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी तिथला राजा किंवा राणी वृद्धांना चांदीची छोटी नाणी देते. येशूने शेवटच्या भोजनाच्या वेळी शिष्यांचे पाय धुतले, त्या आठवणीतून ही रीत आली. पूर्वी राजे खरोखर गरिबांचे पाय धूत. पाय धुणं बंद झालं, नाणी राहिली. राज्यकर्त्याचं वय जितकं असेल तितके पुरुष आणि तितक्याच स्त्रिया बोलावतात, आणि पांढऱ्या थैलीत वयाइतक्याच पेन्सची नाणी देतात. वय एका वर्षाने वाढलं की घेणारे हात वाढतात आणि थैलीही जड होते. राजाचं वय मोजण्याची इतकी चांगली पद्धत मला दुसरी माहीत नाही. आपल्याकडे साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन होतं. वाढदिवसाला वयाइतक्या घरी काहीतरी पोचवायचं, ही रीत काटोलने उचलावी अशी आहे.

कुणी विचारेल, काटोलच्या सभागृहात ख्रिस्ती सेवेच्या नाण्यावर बोलायचं कारण काय? कारण आपल्या मातीशी तिचं नातं आहे. मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले आणि १८६३ साली याच जिल्ह्यातल्या एका ओढ्याच्या पुरात बुडून गेले. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून विदर्भातली मुलं शिकवतं आहे. अचलपूरजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचं रुग्णालय आहे. या मिशनची स्थापना १८७४ ची. २०२४ साली तिला दीडशे वर्षं झाली. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई ज्या मध्य प्रांतात फिरल्या आणि शेकडो अनाथ मुली आपल्यासोबत घेऊन गेल्या, त्याच मध्य प्रांतात तेव्हा काटोल होतं. त्या मुलींसाठी केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. रमाबाईंच्या नावाचं टपाल तिकीट १९८९ साली निघालं. तिकीट हेही फार चांगलं स्मारक आहे, कारण ते घरोघर जातं आणि वाटेत कुणाचा तरी निरोप पोचवतं.

आणि सेवेला एकच धर्म नसतो, हे विदर्भाला शिकवावं लागत नाही. वरोऱ्याजवळ आनंदवनाची सुरुवात झाली तेव्हा बाबा आमट्यांजवळ काय होतं? पत्नी साधनाताई, दोन लहान मुलं, सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये, असं सांगतात. कोलकात्याच्या रस्त्यावर पाच रुपये, वरोऱ्याच्या माळावर चौदा रुपये, ओमाहात उसने आणलेले नव्वद डॉलर. या तिन्ही रकमा एकत्र करूनही काटोलात एक एकर बाग घेता आली नसती. पण त्या सुरुवातीला मोकळ्या झाल्या, म्हणून इतकी वर्षं चालत आहेत. तंगीत सापडलेली गोष्ट पुढे गौरवाची होते, असं मी म्हटलं ते यासाठी.

आमच्या घरी दळण करण्याआधी आई ज्वारीची एक मूठ बाजूला काढून कोनाड्यातल्या गाडग्यात टाकायची. गाडगं भरलं की ते कुणाच्या तरी घरी जायचं. कुणाच्या, ते आम्हाला सांगायची नाही. पाऊस लांबला त्या वर्षी आमच्याच घरी धान्य संपत आलं होतं. मी म्हटलं, आई, यंदा मूठ नको. ती म्हणाली, मूठ लहान कर, बंद नको करू. पुढे शुभवर्तमानात, जवळ होत्या त्या दोन दमड्याही दान करणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट वाचली, तेव्हा मला ती नवी वाटली नाही. ती बाई आमच्या स्वयंपाकघरात मी पाहिली होती. याच मातीत शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावातच ते गाडगं आहे. त्यांनी धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः मात्र गाडग्याच्या तुकड्यात जेवले.

मदर तेरेसांवर टीका झाली आहे, आणि ती झाकून मी त्यांचा गौरव करणार नाही. १९९४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात रॉबिन फॉक्स या डॉक्टरांनी लिहिलं की निर्मल हृदयात रोगाचं निदान नीट होत नाही आणि वेदना कमी करण्याची औषधं अपुरी आहेत. इतर टीकाकारांनी देणग्यांच्या हिशेबाबद्दल, दुःख सोसण्यालाच पुण्य मानण्याबद्दल प्रश्न विचारले. हे प्रश्न खरे आहेत. मरणाऱ्याचा हात धरणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्याची वेदना औषधाने थांबत असेल, तर ती थांबवणं हा त्याचा हक्क आहे. आणि लोकांनी दिलेल्या पैशाचा हिशेब मागणं हा देणाऱ्याचा अपमान नसतो. नाणं आपण दगडावर वाजवून पाहतो ते त्याच्याशी वैर म्हणून नाही. पुढे चालवायचं असतं म्हणून वाजवतो. प्रत्येक सेवासंस्थेला, धर्म कोणताही असो, असंच वाजवून घ्यायला हवं. हे म्हटल्यावरही मला दिसतं की ज्या माणसांना गटाराकाठी मुंग्या लागलेल्या होत्या, त्यांना उचलायला इतर कुणी वाकलं नव्हतं. आधी कुणीतरी वाकलं, म्हणून पुढे आपल्याला हिशेब विचारता आला.

शेवटची गोष्ट मुंबईतली आहे. डिसेंबर १९६४ मध्ये पोप सहावे पॉल ख्रिस्ती महासंमेलनासाठी मुंबईत आले. त्यांच्या प्रवासासाठी आणलेली पांढरी लिंकन मोटार परत जाताना त्यांनी मदर तेरेसांना भेट दिली. साक्षात पोप ज्या गाडीत बसले ती गाडी! दुसऱ्या कुणी ती काचेच्या खोलीत ठेवली असती, बाहेर पाटी लावली असती, लोकांनी रांगा लावल्या असत्या. मदरनी त्या गाडीची सोडत काढली, आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या शांतीनगर वसाहतीला लावला. गाडी कुणीतरी जिंकून नेली. वसाहतीच्या भिंती उभ्या राहिल्या.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली, त्या रात्री टेबलाच्या खणातली ही डबी बाहेर काढली आणि बराच वेळ पाहत बसलो. ज्या बाईने पोपची गाडी ठेवून घेतली नाही, तिचा चेहरा मी डबीत ठेवून घेतला होता. आणि दर महिन्याला पुसतही होतो. तिच्या हाती हे नाणं पडलं असतं तर तिने काय केलं असतं, याचं उत्तर मला माहीत होतं. ते अमलात आणायला मला काही वर्षं लागली.

मित्रहो, संग्रह करणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. भोसल्यांचा नागपुरी रुपया, राणीछाप रुपया, गांधीजींचे दहा रुपये कुणीतरी जपून ठेवले, म्हणून आज इतिहास हातात धरता येतो. वस्तुसंग्रहालयाची कपाटं असलीच पाहिजेत. पण एकेका नाण्याच्या हजारो प्रती निघतात, तेव्हा सगळ्याच कपाटात जायला नकोत. काहींनी तरी त्या चेहऱ्याचं काम पुढे न्यायला हवं.

म्हणून टेबलावरचं हे चांदीचं नाणं मी आज व्याख्यानमालेच्या समितीच्या स्वाधीन करतो. ते जपून ठेवू नका. कुणा संग्राहकाला चांगल्या किमतीला द्या. ज्याला हवं आहे तो ते माझ्याइतकंच जपेल, त्याची मला काळजी नाही. आलेल्या पैशातून काटोलच्या ग्रामीण रुग्णालयात आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या रुग्णांच्या सोबत्यांना एक वेळचं जेवण द्या. खाटेवरच्याला कुणी ना कुणी विचारतं. खाटेखाली चटई टाकून बसलेल्याला जेवलास का म्हणून विचारणारं सहसा कुणी नसतं. पैसे किती दिवस पुरतील? फार नाही. पण चौदा रुपयेही फार दिवस पुरले नव्हते. ते संपायच्या आत दुसरं कुणीतरी पुढे झालं होतं. आणि दमडी न्‌ दमडीचा हिशेब पुढच्या वर्षी याच व्यासपीठावरून वाचा. मी ऐकायला येईन.

ते पिवळं नाणं कुठवर पोचलं? शेवटच्या रांगेत, खांबाजवळ, शाळेच्या गणवेशातल्या मुलीच्या हातात दिसतंय मला. बाळ, ते मला परत द्यायला पुढे येऊ नकोस. खिशात घालून घरीही ठेवू नकोस. उद्या शाळेत जाताना ज्याला त्याची गरज आहे असा कुणीतरी तुला भेटेल. त्याला दे, आणि नाव विचारत बसू नकोस.